जेवणानंतरची वीस मिनिटं

...नाही नाही, भिंती पाडल्या त्याचं मला काहीच वाटलं नाही हो! पाडा! शाळा तुमची, घण तुमचा! पण पाडल्या कशासाठी? तर मुलांच्या भल्यासाठी! साल एकाहत्तर, मी नवाकोरा मास्तर, ओहायोतलं आमचं ब्रायरटन गाव, आणि शिक्षणाधिकारी मला सांगतायत, "स्टेनबर्ग, भिंत म्हणजे तुरुंग! मूल कसं मोकळं शिकलं पाहिजे!" झालं! चार वर्गांचा एक हॉल. इकडे मी भागाकार शिकवतोय, तिकडे शेजारच्या वर्गाच्या बेडनारबाई इतिहासात लिंकनला गोळी घालतायत, आणि माझी पोरं भागाकार सोडून मुसमुसतायत!

आठ वर्षांनी नवे अधिकारी. "अहो स्टेनबर्ग, भिंती कुठायत? बाजार मांडलाय का?" बांधल्या परत. कशासाठी? मुलांच्या भल्यासाठी!

मग नवं गणित आलं, ते गेलं, जुनं गणित नवं म्हणून आलं... मी चकार शब्द काढला नाही. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत मी एकच गोष्ट जपली. जेवण करून पोरं वर्गात आली की वीस मिनिटं मोठ्यानं गोष्टीचं पुस्तक वाचायचं. प्रश्न नाहीत, मार्क नाहीत, काही नाही! माझ्या वर्गात एक रोझली प्रुइट होती, दहा वर्षांची. सप्टेंबरपासून तोंडातून शब्द नाही. बेडनारबाई म्हणायच्या, "ऑर्व्हिल, मुकी आहे का रे ती?" आणि फेब्रुवारीत एकदा गोष्टीतली होडी खडकावर आपटली, मी पुस्तक मिटलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि मग?" अहो, पुस्तक परत उघडलं, तर डोळ्यांतल्या पाण्यानं मला पुढचं पान दिसेना!

त्याच आठवड्यात नवे शिक्षणाधिकारी आले, डॉक्टर हॅसलर. दार न वाजवता आत. "या वाचनातून निष्पन्न काय होतं, स्टेनबर्ग?"

म्हटलं, "साहेब, पोरं ऐकतात."

"ते मोजलंय का?"

कसं मोजायचं हो? कानाला फूटपट्टी लावू? हुकूम निघाला, वाचन बंद, त्या वीस मिनिटांत राज्याच्या परीक्षेचा सराव. मुलांच्या भल्यासाठी!

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. बेडनारबाई म्हणाल्या, "तू शाळा मंडळाच्या सभेत उभा राहा, मी आहेच तुझ्या मागे." उभा राहिलो. वळून बघतो तर बाई मागेच होत्या... खाली मान घालून मोजे विणत! बोललो एकटा. आणि मग रोझलीची आई उठली. कोंबड्यांच्या कारखान्यातून पाळी संपवून तशीच आलेली, डोक्याला जाळी. म्हणाली, "माझी पोरगी आता घरी बोलते. रोज संध्याकाळी मला ती गोष्ट सांगते. शेवट तरी ऐकू द्या आम्हाला."

मग टाळ्या, अशा टाळ्या! हॅसलरसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले हो! म्हणाले, "स्टेनबर्ग, तुम्ही मला हलवून सोडलंत. आपण समिती नेमू. अध्यक्ष तुम्ही! आणि अहवाल येईपर्यंत... सराव चालू ठेवा."

दोन वर्षं! सतरा बैठका! 'मोठ्याने' म्हणजे किती मोठ्याने, यावर तीन बैठका! तोवर रोझली दोन इयत्ता पुढे गेली. एकदा जिन्यात भेटली. म्हटलं, "अगं, त्या होडीचं पुढे काय झालं, सांगू?" मान हलवली. नाही म्हणून. पुन्हा तोंड मिटलेलं, हातात सरावाची वही.

अहवाल मंजूर झाला. एकमतानं! वीस मिनिटं परत मिळाली! मी लहान पोरासारखा पुस्तक घेऊन वर्गात गेलो, तर टेबलावर छापील तक्ता. प्रत्येक मुलाच्या नावापुढे, दर पाच मिनिटांनी, 'आनंद : एक ते पाच'. खाली माझी सही, समितीचा अध्यक्ष म्हणून!

वाचायला लागलो. पाच मिनिटं झाली, थांबलो, बत्तीस तोंडं बघितली, आकडे लिहिले. परत वाचायला लागलो, परत थांबलो. होडी खडकावर आपटली, कुणी "आणि मग" विचारलं नाही. फक्त पहिल्या बाकावरच्या मेबलनं हात वर केला. म्हटलं, चला, एक तरी!

"सर, पाच मिळवायला किती हसायचं?"

म्हटलं, "बाळ, दाढा दिसल्या की पुरे."