सील न फुटलेली बाटली

हॅलो?… हो, बोल ताई… कुठे आहेस तू? बेकरीत? कसला गोंगाट चाललाय गं!

केकवर काय लिहायचं?… अगं, 'सीझियमवाले साहेब' काय लिहितेस! ते मी घरात म्हणते… हो, हो, उद्याच. सकाळी टाकीतला खरा अणुकचरा गाळायला सोडायचा, साहेबांनी बटण दाबायचं आणि संध्याकाळी निवृत्त व्हायचं. वीस वर्षं त्या टाक्या रिकाम्या व्हायची वाट बघतायत बिचारे.

ताई, ऐक ना… केकवाल्याला म्हणावं, दोन मिनिटं थांब… बरी आहे मी. प्रयोगशाळेच्या भांडारात बसलेय, स्टुलावर. समोर बाटली आहे… कसली म्हणजे? पोटॅशियमच्या मिठाची! चहाटळपणा पुरे. तिचं सील तसंच आहे.

म्हणजे काय म्हणजे… बरं, सांगते. टाकीतल्या खाऱ्या पाण्यात सीझियम असतं, किरण सोडणारं. आम्ही ते पाणी बारीक खड्यांच्या नळकांड्यातून सोडतो. खडे सीझियम धरून ठेवतात, बाकी पाणी पुढे जातं… हो, गाळणीच समज. पण खरं पाणी रोज कोण हाताळणार? म्हणून चाचणीला मी खोटं पाणी बनवते, चौदा मिठं घालून… तेच गं, ज्यानं माझा निळा कुर्ता विरला.

तर त्यातलं एक मीठ मी घातलंच नाही. पोटॅशियम… यादीत टिक आहे ना! तीच तर गंमत. नियम आहे, ओतल्यावर टिक करायची. मी सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडायची आणि मांडतानाच टिक करून मोकळी व्हायची. आठ महिने काही बिघडलं नाही. त्या दिवशी जुनी बाटली संपलेली, रिकामीच मांडली, टिक केली, नवी, म्हणजे ही, आणायला उठले… आणि तुझा फोन आला. आईच्या चष्म्याचा… नाही गं, तुला कशाला दोष देऊ? हात माझे, डोकं माझं.

फरक? अगं, मोठा फरक. बसमध्ये जागा धरतात ना, तसं पोटॅशियम सीझियमच्या जागेवर जाऊन बसतं. माझ्या पाण्यात ते नव्हतंच, आणि शेवटच्या तिन्ही चाचण्या त्याच पाण्यावर झाल्या. त्यामुळे खड्यांनी सीझियम असं काही पकडलं, की सगळ्यांनी पाठ थोपटली माझी. मी हिशेब दिला, नळकांडं दहा दिवस चालेल. खऱ्या पाण्यात तीन दिवसांत भरेल.

काय?… बाटली मागे ढकल आणि गप्प बस? वा! सख्खी बहीण शोभतेस. खरं सांगू? अर्धा तास मी तेच करत होते. दोनदा ढकलली. लाज वाटली गं स्वतःची.

नाही, स्फोटबिट काही होत नाही. तू सिनेमे कमी बघ. चौथ्या दिवशी सीझियम पुढच्या पाईपमध्ये उतरेल, यंत्र बोंबलेल, सगळं बंद करतील. मग तो पाईप धुवायला माणसं आत जातील… कोण म्हणजे? धुलाईची टोळी कुणाची आहे?… भाऊजींचीच ना?

हॅलो?… ताई?… आता म्हणतेस, लगेच सांग!

हो. सांगणारच आहे. नोकरीची भीती नाही… आहे, थोडी आहे. पण साहेबांच्या तोंडावर कसं सांगू? सगळं आवरून बसलेत ते… केक घे गं, माणूस तर निवृत्त होतोच आहे. फक्त नाव लिही त्यांचं, बाकी काही नको.

थांब, दार वाजलं. ठेवू नकोस हं…

या ना साहेब… नाही, ताईचा फोन… साहेब, उद्या टाकी उघडायची नाही. चूक माझी आहे. शेवटच्या तिन्ही चाचण्यांत पोटॅशियम नव्हतं… ही बघा… हो, टिक माझीच… पुन्हा चाचण्या करायला? सहा आठवडे. कमीत कमी.

…आहे, आहे मी. साहेब खोक्यावर बसलेत गं… नाही ना! ओरडले असते तर बरं झालं असतं.

काय साहेब?… सही तुम्ही केलीत, पण मिठं तर मी… हो… बरं. वजनकाटा चालूच आहे. आत्ता बनवायचं पाणी?… पण साहेब, तुमचं ते बटण…

ताई… ते म्हणतात, सहा आठवड्यांनी बटण तू दाब. मी फाटकावर पास काढून येईन, पाहुण्यासारखा बघायला… रडत नाहीये गं. रडतेय, बरं!… यादी घेतली त्यांनी हातात. म्हणतात, मी एकेक नाव वाचतो, तू ओत, मग टिक मी करतो.

हो साहेब, आले… हात पुसून आले… ताई, त्यांनी वाचायला सुरुवात केली. ठेवते.