मामा ‘ऐका’ म्हणतात तिथे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक, म्हणजे आपले मोठे साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मामा. त्यांच्या शेजारी रुमालाची घडी घालत-मोडत बसलेल्या मामी. शाखाशाखांतून आलेली फिटर मंडळी, ऑफिसातले सहकारी आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी तक्रार विभागात फोन घेते. ‘बॉयलर बंद पडलाय, माणूस पाठवा’ हे ऐकायचं आणि ‘पाठवते’ म्हणायचं, एवढंच माझं दिवसभराचं बोलणं. व्यासपीठाची सवय नाही. पण परवा मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितलं, “ताई, तुम्ही दोन शब्द बोललात तर बरं दिसेल. वातावरण जरा हलकं होईल.” वातावरण जड कशामुळे झालंय ते काही ते बोलले नाहीत. ते मला माहीत असणारच, कारण जो गेला तो माझा धाकटा भाऊ होता.

साहेब, काळजी करू नका. मी मामांबद्दलच बोलणार आहे.

मामा नक्की कोणाचे मामा, हे इथे कोणालाच ठाऊक नाही. मामींनाही नसावं. पण या कंपनीत ज्याने म्हणून हातात पाना धरला, तो मामांच्या हाताखालून गेला. त्यांची शिकवण्याची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. नव्या पोराला बॉयलरसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, “डोळे मीट. आता सांग, काय म्हणतोय तो?” पोरगं गोंधळायचं. मामा म्हणायचे, “उद्या परत विचारीन.” आणि खरोखर विचारायचे!

पुढे शाखा वाढल्या. मामा एकटे, ते कुठे कुठे पुरणार? मग या भिंतीपलीकडे जो शिकवणीचा बॉयलर आहे, त्याच्यासमोर स्टुलावर मोबाईल टेकवून मामांचे धडे चित्रित झाले. आधी ते फुकटच्या साइटवर टाकले होते. वाफेचा धडा ऐन रंगात यायचा आणि मधेच एक बाई केस उडवत शॅम्पू दाखवायच्या. हसू नका, मामांना त्याचा फार राग यायचा. शिवाय आपले धडे कोणीही बघायचं, खाली काहीबाही लिहायचं. तेव्हा ठरलं, कंपनीला शोभेलशी, पैसे भरून घेतलेली जागा हवी. त्यासाठी एक समिती बसली.

समितीने काम मनापासून केलं, हे मी आवर्जून सांगते. तीन प्लॅटफॉर्म पाहिले. एक लांबच्या शाखांत अडखळत चालायचा. दुसऱ्याला कुलूप चांगलं, पण मोबाईलवर उघडता उघडेना. तिसऱ्यात सगळंच होतं. जाहिरात नाही, पासवर्ड आहे, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आहे, खाली आपोआप अक्षरं उमटतात, कोणी कुठला धडा कुठपर्यंत पाहिला तेही कळतं. आणि विकायला आलेल्या गृहस्थांनी शेवटी एक बटण दाबून दाखवलं. मामांच्या बोलण्यामागची शेडची घरघर, पंख्याचा आवाज, सगळं नाहीसं! मामा जसे काही शेजारी बसून बोलतायत. खोलीत टाळ्या पडल्या म्हणे. ते बटण सगळ्या धड्यांना एकदम लावून टाकलं. मूळ चित्रण जागा अडवतंय म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकलं.

आता पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. शेडमध्ये हाक ऐकू जात नाही. म्हणून आपले फिटर नळावर पाना आपटून एकमेकांशी बोलतात. एक ठोका म्हणजे ‘थांब’. दोन म्हणजे ‘सोड’, वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघड. कुठल्या पुस्तकात हे नसेल, पण आपल्याकडे मामांच्याही आधीपासून चालत आलंय.

आणि दुसरी गोष्ट. थंड पडलेल्या लाईनीत, म्हणजे वाफेच्या नळात, पाणी साचलेलं असतं. त्यात वाफ सोडली की ते पाणी आतून धडका द्यायला लागतं. आधी अगदी हलक्या. टक, टकटक. थेट पलीकडून कोणी ठोकल्यासारख्या. त्या ऐकू आल्या की व्हॉल्व्ह हलक्या हाताने बंद करायचा आणि बाजूला व्हायचं. नाही झालात, तर पुढची धडक हलकी नसते. जोडच उडतो.

मामांनी यावर एक सबंध धडा केलाय. त्यात ते म्हणतात, “पोरांनो, हा ठोका आपल्या माणसाचा नाही. हा पाण्याचा आहे. दोन्हीतला फरक कानात बसवून घ्या. ऐका.”

आणि पुढे काहीच नाही.

मामा आपल्याकडे बघतायत, आपण मामांकडे बघतोय. खाली अक्षरं उमटतात, ‘शांतता’. मग मामा म्हणतात, “कळलं ना? आता पुढे.”

शाखांमध्ये यावर विनोद झाले. माझा भाऊ एकदा जेवताना मला म्हणाला होता, “ताई, मामा ‘ऐका’ म्हणतात आणि फोटो काढून घेत असल्यासारखे बसून राहतात. म्हातारा पुढचं विसरत असेल गं.” आम्ही दोघं हसलो होतो. त्या बटणाने शेडच्या घरघरीबरोबर पाण्याचे ठोकेही साफ केले होते, हे आमच्या काय, कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

तो गेला त्या दिवशी एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम होतं. जोडीदार लाईनीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे. तो जोडीदार आज इथे आहे, मागे उभा आहे. त्याला मी पुढे बोलावणार नाही. त्याने मला सांगितलं, की त्याने नळाला पाना लावलाच नव्हता. पण भिंतीपलीकडून माझ्या भावाचा आवाज त्याला आला. “हो रे, सोडतोय, सोडतोय!”

माझा भाऊ कामात हयगय करणारा नव्हता. त्याला दोन ठोके ऐकू आले आणि त्याने हुकूम पाळला.

चौकशी झाली. त्याने तो धडा शेवटपर्यंत पाहिल्याचं प्लॅटफॉर्मवर दिसत होतं. म्हणजे शिकवलं होतं, तरी चुकला. ‘कामगाराची चूक’ असं लिहून विषय मिटला. मामांना ते पटलं नाही. त्यांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली. “माझाच धडा कच्चा राहिला,” म्हणाले, आणि राजीनामा दिला. आजच्या निमंत्रणात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं छापलंय. मामांच्या प्रकृतीला काय झालंय, हे मामींना विचारा.

मी तो धडा पाहिला तो भाऊ गेल्यावर. त्याने काय पाहिलं असेल, एवढंच मला बघायचं होतं. मामा गप्प बसतात तिथे मी थांबवून थांबवून पाहिलं. लाईनीच्या आधाराच्या खांबावर मामांचा चहाचा कप ठेवलेला आहे. त्यातला चहा हलतोय. मामांचं बोटही मांडीवर त्याच तालात हलतंय. म्हणजे तिथे आवाज होता!

फोन घेऊन मी मामांच्या घरी गेले. स्वतःला पडद्यावर बघायची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी एकही धडा कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्या हातात फोन दिला. ते ‘ऐका’ म्हणाले, आणि दोघेही मामा गप्प झाले, फोनमधले आणि खुर्चीतले. मग त्यांनी फोन कानाशी नेला, हलवला, परत कानाशी नेला. मला म्हणाले, “पोरी, आवाज कुठे गेला गं?”

मामा, त्याचं उत्तर मी आज सगळ्यांसमोर देते. तुमचा धडा कच्चा नव्हता. तो अर्धा कापून दाखवला गेला. माझ्या भावाच्या मरणाचा दोष तुमच्याकडे नाही. त्याची बहीण म्हणून हे सांगायचा हक्क मला आहे आणि मी तो बजावतेय.

हे सगळं मी मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, आत्ताच धडा काढला तर चूक कबूल केल्यासारखं होईल, थोडं थांबू या. थांबलो. आज सकाळी मी पुन्हा पाहिलं. धडा तिथेच आहे. सोमवारी नवी तुकडी येणार आहे. त्या पोरांनाही मामा ‘ऐका’ म्हणतील आणि त्यांच्याकडे नुसते बघत बसतील. साहेब, त्या पोरांनाही घरी बहिणी असतील. त्यातल्या कितींना तुम्ही अशी भाषणं करायला लावणार?

म्हणून माझी अध्यक्षांना एक विनंती आहे. मामांना घड्याळ द्या, फुलं द्या, ती त्यांच्या हक्काची आहेत. पण त्याआधी सगळ्यांनी पलीकडच्या शेडमध्ये चलावं. शिकवणीचा बॉयलर मी सकाळीच तिथल्या फिटरला सांगून पेटवून ठेवलाय. मामा त्यांच्या हाताने, बेताने, थोडी वाफ सोडतील आणि तो आवाज काढतील. आपण साध्या मोबाईलवर चित्रण करू, शेडच्या घरघरीसकट, आपल्या खोकण्यासकट. सोमवारी पोरांना ते दाखवा. कुठल्या प्लॅटफॉर्मवर ठेवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त ते बटण दाबू नका.

आपण सर्वांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. मामींनी आज यायचं बळ आणलं, त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. बॉयलर न विचारता पेटवला, तेवढी आगळीक मात्र मी जाणूनबुजून केली आहे. तिचीही माफी असावी.

चला मामा, उठा. माझ्या भावाने शेवटचं जे ऐकलं, ते मी अजून ऐकलेलं नाही.