साहेबांना विचारून येतो
तुम्ही सॉफ्टवेअरचं कौतुक सांगताय, पण त्याने माझं आत जाणं बंद केलं, त्याचं काय?

आमचं ऑफिस इकडे आखातात, हमरियाला, धंदा पाईप-फिटिंगचा. इक्बालभाई आमचे सगळ्यात जुने कस्टमर, मूळचे रत्नागिरीचे. ऑर्डर देताना हटकून म्हणायचे, "पाच टक्के तरी कमी कर रे." मी तोंड वाकडं करायचो, "साहेबांना विचारून येतो" म्हणत आत जायचो, कूलरचं ग्लासभर पाणी प्यायचो आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर यायचो.

"साहेब जाम तापले, पण तुमच्यासाठी हो म्हणाले."

इक्बालभाई खूश. साहेब त्या वेळी तिकडे लांब, जबल अलीच्या गोदामात!

मग सॉफ्टवेअर आलं. इक्बालभाईंचं नाव टाकलं की पाच टक्के आपोआप कमी. पहिल्याच ऑर्डरला त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे काय? मी अजून मागितले कुठे?"

"आता सिस्टीमच देते, भाई. मागायचं कामच नाही. यल्ला, खलास!"

त्यांचा चेहराच पडला. अर्धा चहा तसाच ठेवून उठले. "मग ऑर्डर पण सिस्टीमकडूनच घे."

एवढी मोठी ऑर्डर, मी घाबरलो. "बसा हो भाई, काढतो डिस्काउंट." काढला. टोटल वाढली.

ते ऐटीत मागे रेलले. "पाच टक्के तरी कमी कर रे."

मला हसूच आलं. "भाई, आता विचारायला आत कुणी नाही."

"तेव्हा तरी कोण होतं?" ते म्हणाले. "जा, पाणी पिऊन ये."