दहापर्यंत मोजण्याचा नियम

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, कारखान्यातील सर्व सहकारी आणि तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसलेल्या वहिनी,

व्यवस्थापकसाहेबांनी आत्ता माझ्याविषयी जी हकीकत सांगितली, तिच्यातील क्रियापदे निर्दोष होती. कर्ता मात्र चुकला. ते म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या भिंगांच्या कारखान्यात आपले सरकते टेबल निम्मेच सरकू लागले, जोडाऱ्याने केलेली ती चूक मी एका रात्रीत शोधली आणि दहापर्यंत मोजण्याचा नियम घातला. रात्रीचा तर प्रश्नच नाही. मी साडेपाचला घरी जाणारा माणूस. बाकीचे क्रमाने सांगतो.

पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करतो. आपली स्टेपर मोटर एका फेरीत दोनशे पावले टाकते. ड्रायव्हर नावाची डबी प्रत्येक पावलाचे आणखी बारीक भाग करते: आठ, सोळा, बत्तीस. यांना आपण मायक्रोस्टेप म्हणतो. भाग किती करायचे, ते डबीच्या कडेची चिमुकली बटणे ठरवतात आणि तोच आकडा संगणकातही भरावा लागतो. बटणे सोळावर आणि संगणक आठवर राहिला, तर टेबल निम्म्या वाटेतच थांबते.

म्हणून हे काम दोघांचे. जोडारी टेबलाखाली वाकून बटणे वाचायचे, ‘आठ!’ मी पडद्यापाशी उत्तर द्यायचो, ‘आठ!’ मग दोघे सही करायचो. माझा आवाज जरा लांबला की ते खालूनच म्हणायचे, ‘गुरुजी, मोटर शुद्धलेखन तपासत नाही, आवरा!’ बारा वर्षे आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. माझ्याशी इतके उद्धटपणे दुसरे कोणीही बोलले नाही. त्यानंतर तर नाहीच.

त्या दिवशी सकाळी सह्या झाल्या होत्या. दुपारी जोडारी डबा धुवायला गेले. टेबल किंचित थरथरते आहे, असे मला वाटले. पावले आणखी बारीक केली की थरथर थांबेल, म्हणून मी वाकलो आणि वीज चालू असतानाच बटणे सोळावर नेली. थरथर तशीच राहिली. ‘उपयोग नाही,’ असे म्हणून मी उठलो. बटणे परत आठवर आणायची राहिली.

आपल्या ड्रायव्हरची खोड आज येथील प्रत्येकाला पाठ आहे. बटणांकडे तो फक्त वीज सुरू होताना पाहतो. पुढे ती कितीही हलवा, जुन्याच आकड्याने चालतो. दुपारची चाचणी म्हणूनच बिनचूक झाली. गिऱ्हाइकाकडे प्रथमच वीज सुरू झाली, तेव्हा ड्रायव्हरने सोळा वाचले.

बटणांपुढची सही जोडाऱ्यांची होती. ‘मी आठच वाचले, साहेब,’ एवढेच ते म्हणाले. तेव्हाच्या साहेबांनी मला विचारले, ‘गुरुजी, तुम्ही काय ऐकले?’ मी म्हणालो, ‘आठ.’ ते खरेच होते. दुपारचे मला आठवलेच नव्हते. सकाळच्या सहीनंतर जोडाऱ्यांनीच बटणांना हात लावला असणार, असे ठरले आणि त्यांना खोके बांधायच्या विभागात पाठवले.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या टेबलावर मी तसेच केले. फरक पडला नाही. कसल्याशा शंकेने वीज बंद केली, पुन्हा सुरू केली, आणि टेबल निम्म्यावर थांबले. त्या क्षणी मला ती दुपार आठवली.

मी उठून त्यांच्या विभागात गेलो. ते खोक्याला खिळे ठोकत होते. ‘या गुरुजी! इकडे बरे आहे. खिळ्याला आठ-सोळा काही कळत नाही.’

मी हसलो आणि परत आलो. मंडळी, एवढेच केले. शब्दांची मला कधी वाण पडली होती का?

दुसऱ्या दिवशी मी नियम लिहिला: बटणे हलवली की वीज बंद करा, दहापर्यंत मोजा, वीज सुरू करा, मगच चाचणी घ्या. सगळ्यांनी त्याला माझी शिस्त म्हटले. जे तोंडाने सांगायचे होते, ते मी भिंतीवर चिकटवले आणि खाली माझे नाव घातले.

जोडाऱ्यांची जागा भरलीच गेली नाही. तेव्हापासून मी टेबलाखाली वाकतो, ‘आठ’ म्हणतो. उठतो, वळसा घालून पडद्यापाशी येतो आणि मीच ‘आठ’ म्हणतो. तुम्ही याला काटेकोरपणा समजता.

गेल्या वर्षी जोडारी वारले. गेल्या महिन्यात आजच्या सत्काराचे आमंत्रण घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि दारातच वहिनींना सारे सांगू लागलो. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, बसा आधी. ह्यांना तुमचा नियम वाचला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणायचे, गुरुजी सांगतील. वाक्य जुळवत असतील.’

अध्यक्षमहाराज, मानपत्रात मला त्या नियमाचा जनक म्हटले आहे. ते मला स्वीकारता येणार नाही. आपण सर्वांनी इतकी वर्षे सांभाळून घेतले, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, तर उदार मनाने पदरात घ्यावे. वहिनी, तुमच्याकडे मात्र मी ही सवलत मागत नाही.

स्मरणिकेतील तारखा तेवढ्या दुरुस्त करून घ्याव्यात:

बटणे हलली: चौदा मार्च, दुपारी. हात माझा.

जोडाऱ्यांची बदली: अठ्ठावीस मार्च. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ हे शब्द काढावेत.

चूक मला कळली: दोन एप्रिल. ‘त्याच रात्री’ नव्हे.

नियम लागला: तीन एप्रिल.

जोडाऱ्यांनी नोकरी सोडली: तीस जून. ‘प्रकृतीमुळे’ हेही काढावे. प्रकृती ठणठणीत होती.

चूक सांगितली: आज, तीस जून. एकोणीस वर्षांनी.