डोळे मिटून ओळखलेली नाणी

मंडळी, मला एक सांगा — लेकरानं पैशाला हात लावला की आपण काय ओरडतो? "ठेव खाली! लक्ष्मी आहे ती!" मग लेकरानं लक्ष्मी ओळखायची कधी? लग्नात हुंडा मोजताना? — हसू नका, ऐका!

दिघंचीच्या एसटी स्टँडावर शेवंताबाई भाजलेल्या शेंगा विकायची. नवरा नाही, पदरात पाच वर्षांची मैना. आणि बाईची नजर चालली होती हो! नाणं डोळ्याशी नेलं तरी दोनाचं की दहाचं, कळेना. गिऱ्हाईक काय साधुसंत असतं? दहाच्या पुडीला दोनाचं नाणं टेकवून पसार! बाईनं कुणाला सांगितलं नाही. आंधळी ठरली तर धंदा बसला — मग पोरीनं खायचं काय?

अशात मैना घरी येऊन सांगते, "आये, अंगणवाडीत आम्ही पैशांनी खेळतो!"

झालं! बाई तरातरा अंगणवाडीत. "विमलताई! लक्ष्मीचा खेळ मांडलाय व्हय?"

ताई शांत. शिकवणारी बाई चिडत नाही — चिडतो तो कीर्तनकार! म्हणाल्या, "बसा जरा. मैना, डोळे मीट."

पोरीच्या ओंजळीत खरी नाणी टाकली. पोरगी चाचपते आणि बोलते — "हे जाड, पाच! हे बारकं, एक! हे रुंद, दोन! आन् हे सगळ्यात मोठं — दहा!" एक चुकलं नाही!

शेवंताबाईच्या डोळ्यांना धार लागली. पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसली. "ताई, मलाबी शिकवा. मला दिसत न्हाई."

आठ दिवस, मंडळी! लेक मास्तरीण, आई विद्यार्थिनी. चुकलं की मैना टिचकी मारायची!

नवव्या दिवशी स्टँडावर एकानं पुडी घेऊन दोनाचं नाणं टेकवलं. बाईनं अंगठा फिरवला. "दादा, आणखी आठ द्या." — दिले की गुपचूप!

बाई तशीच शेंगांची पाटी घेऊन अंगणवाडीत. प्रत्येक लेकराच्या ओंजळीत शेंगा! ताईंच्या पायांशी वाकली, तर ताई म्हणतात, "अहो, मी नुसता खेळ मांडला."

"तुमी खेळ मांडला, ताई, म्हणून माझी चूल पेटती."

आता तुम्ही सांगा! तुम्हाला पहिला आकडा कुणी शिकवला? नाव आठवतं त्यांनी हात वर करा... बघा! एवढ्या मंडपात चार हात! त्यातला एक माझा!

आठवा. मी थांबतो. आधी ते नाव घ्या — देवाचं नाव मग घेऊ, त्याला घाई नाही.