पक्क्या साईटचं रिव्हॉल्व्हर

सावली गावचे आमचे दामोदरभाऊ काय माणूस आहे, ते सांगतो. धानात शिरणारी रानडुकरं मारायचा परवाना त्यांना मिळाला, तेव्हा रिव्हॉल्व्हर घ्यायला ते मला सोबत घेऊन गेले. मी म्हणालो, "भाऊ, नेम धरायची साईट स्क्रूनं वर-खाली होते, तसलं घ्या. नेम चुकणार नाई."

भाऊंनी पक्क्या, जागची न हलणाऱ्या साईटचंच उचललं. "मी चिखलात पडतो, धडपडतो. स्क्रू हलला तर मले कोण सांगन?"

मला काही ते पटलं नाही.

पुढे एका संध्याकाळी धानातून मोठं डुक्कर निघालं, अगदी आमच्या समोर. भाऊंनी रिव्हॉल्व्हर रोखलं आणि तसंच खाली घेतलं. डुक्कर उभं पीक तुडवत निघून गेलं.

"गोळी काऊन नाई मारली भाऊ? नेम नव्हता बसला?"

"बसला होता ना," म्हणत त्यांनी हनुवटीनं, डुक्कर होतं त्याच्या थेट मागचा बांध दाखवला. गवताचे भारे घेऊन दोन बाया बांध चढून येत होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या.

"तुमाले कशा दिसल्या?"

"मी नेम धरतानी दुसरा डोळा बंद नाई करत," भाऊ म्हणाले, आणि आडवा झालेला धान पाहायला बांधीत, धानाच्या वाफ्यात उतरले.