आईले तंबाखू देऊ नका

नाही नाही, घ्याले नाही आलो जी मी — देऊ नका, हे सांगाले आलो. आत कोणी गिऱ्हाईक तर नाही न? मग दोन मिनिटं ऐकून घ्या देवाजीकाका. ओळखलं नाही तुम्ही मले? मी जितेंद्र — रुपरावजींचा मुलगा, लकडगंजात सागवानाची वखार होती ते, पाईप ओढत ते. हो, तेच. आता बरोबर. याच पायरीवर बसत बाबा, नवीन डबा आला का आधी नाकाशी धरत, मग तुमच्याशी तास-तासभर बोलत, अन् मी बाहेर गल्लीत स्कूटरवर बसून राहो, कधी एकदा घरी जातो म्हणून. बाबाले जाऊन तीन वर्षं झाली. अन् आता तो तंबाखू तुमच्याकडून कोण घेऊन जाते, हे मी तुम्हाले सांगू काय? आई घेऊन जाते. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, अन् पिशवीत मेथीच्या जुडीखाली पाईपचा तंबाखू! हसू नका काका. मले हसू नाही येऊन राहिलं. थांबा, एक मिनिट — जरा तोंड मोकळं करून येतो त्या नालीत — हं. सुपारी होती. साधीच. तोंडात काही असलं का बोलता येत नाही न धड.

तर आईले देऊ नका. तुम्ही म्हणान, बाप्पा, म्हातारी बाई शौकानं घेते, मी कोण नाही म्हणणारा? बरोबर आहे. तुमचं काहीच चुकलं नाही. पण तुम्हाले सुरुवातीपासून माहीत नाही, म्हणून सांगतो. बाबाचे पाईप होते न — दहा-बारा असतील, सागवानाच्या स्टँडवर ओळीनं, स्टँड त्यांनी स्वतः रंधून केला होता — ते पाईप बाबा फक्त ओढत. बाकी सगळं आई करे. मतलब संध्याकाळी बाबा वखारीतून आले, हातपाय धुतले, का आई पाईप भरून त्यांच्या हातात दे. रोज. तिची भरायची पद्धतच वेगळी — खाली सैल, मध्ये जरासा दाबून, वरून अंगठ्यानं असा हलका फिरवून, जसं पुरण भरून पोळीचं तोंड बंद करते तसा. बाबा स्वतः भरत न, तर दोनदा विझे. आईनं भरला का शेवटपर्यंत चाले. आतून पाईपाले कोळशाचा पातळ थर धरते, तो किती ठेवायचा, किती खरवडायचा — तेही तीच पाहे. तव्यासारखं आहे म्हणे, लय घासला का बिघडते. एक पाईप आज ओढला तर उद्या त्याले आराम, हेही तिच्याच ध्यानात. बाबा नुसते खुर्चीत बसून धूर सोडत अन् आल्या-गेल्याले सांगत, हे लाकूड पाहा, झुडपाच्या मुळाच्या गाठीचं आहे, आगीतही जळत नाही. आई आत पोळ्या लाटे.

मग बाबा गेले. स्टँड तसाच राहिला, आई रोज पुसे. आम्हाले वाटलं, आठवण म्हणून पुसते, पुसू दे. अन् एक दिवस मी ऑफिसातून येऊन राहिलो — नंदनवनात आमचा फ्लॅट आहे, दुसऱ्या माळ्यावर — तर जिन्यातच वास. तोच. मनुका उकळल्यासारखा. काका, पाय थांबले माझे. खरं सांगतो, मले वाटलं बाबा बसले आहेत वर. वर जाऊन पाहतो, तर गॅलरीत बाबाच्या खुर्चीत आई. चष्मा डोळ्यावर, पाय वर घेतलेले, पाईप तोंडात. अन् मले काय म्हणते? "पाहून काय राहिला? पंखा बंद कर तो, वाऱ्यानं भरभर जळते." मी पंखा बंद केला! दुसरं काय करतो? मग रात्रीच्या जेवणाले विचारलं, आई, हे काहून? तर शांतपणे म्हणे, "चाळीस वर्षं मी भरून देल्ला रे. तुया बाप काही वाईट नव्हता. पण एकही दिवस त्यानं म्हटलं नाही का गोपिका, घे वं, ओढून पाह कसा लागते. आता भरून देऊ कोणाले? म्हणून मीच ओढतो." मी भाजी वाढून घेतली.

अन् मग तर तिचं वेगळंच सुरू झालं. मोबाइलवर पाईपवाल्यांचा ग्रुप असते, तुम्हाले माहीतच असन — आईले कोणं त्यात घेतलं देव जाणे. कोणी जहाजावरचा रिटायर इंजिनियर, कोणी चहाच्या मळ्यातला मॅनेजर — हे सगळे दर इतवारी संध्याकाळी व्हिडिओवर बसतात, आपापला पाईप घेऊन, अन् मधात आमची आई! जिनं कन्हानचं माहेर अन् लकडगंजचं सासर सोडून तिसरं गाव पाहिलं नाही, ती त्याहिले हिंदीत सांगते, "अरे साहब, ऐसा दाबो मत, साँस लेने दो उसको." मौसी म्हणतात सारे. कोणाचा पाईप जळून कडू झाला, का ते कुरिअरनं आईकडे पाठवतात — आई आतून साफ करते, मिठात ठेवते, मेण लावून कपड्यानं इतका चमकवते का नवा घेतल्यावाणी. अन् हसते काका. मोठ्यानं. गॅलरीत बसून ती हसते अन् मी आत टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतो. पंचेचाळीस वर्षांचा झालो मी, अशी हसताना कधी पाहिली नाही तिले. माझ्यासंगं तर नाहीच. माझ्यासंगं म्हणजे — जेवला काय, आला काय, इतलंच.

तर म्हटलं, असू दे. श्वेता — माझी बायको — तिले नाही आवडलं. तिचंही बरोबर आहे, तिचे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले, सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा खात. जबडा काढला होता त्यांचा. तिनं नळीनं पाजलं त्याहिले शेवटी. ती तंबाखूचं नाव काढलं का उठून जाते. पण आईले उलटून नाही बोलली कधी. तिच्याच ध्यानात आलं का आई ठेचा नाही घेऊन राहिली. आमच्या आईनं ठेचा सोडला म्हणजे काहीतरी आहे. जबरन नेलं डॉक्टरणीकडे — जिभेच्या कडेले पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासाले दिला. ते आठ दिवस कसे काढले ते आम्हाले माहीत. कॅन्सर नाही निघाला. अजून नाही, असं म्हणाली ती. सोडलं तर चट्टा जाईन, नाही सोडलं तर मी काही सांगू शकत नाही. तर आई तिलेच विचारते, "सोडला तर किती जगीन, अन् नाही सोडला तर किती?" डॉक्टरीण माझ्याकडे पाहे अन् मी भिंतीकडे.

मी सगळं करून पाहिलं जी. समजावलं. रागावलो. एक दिवस तो स्टँड उचलला अन् माळ्यावर टाकला, बॅगांच्या मागं. वाटलं, आता भांडन, चिल्लावन. नाही. काहीच नाही. चहा केला, मले देल्ला, गॅलरीत जाऊन बसली. इतवारी फोन वाजत राहिला, तिनं उचललाच नाही. दोन्ही हात असे मांडीवर — अन् काका, ते हात पाहवत नव्हते मले. रागावली असती तर बरं झालं असतं. पाच-सहा दिवसांनी मीच शिडी लावली अन् स्टँड काढून परत जागेवर ठेवला. श्वेता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणे, "तुमच्यानं काहीच होत नाही." एवढंच. बरोबरच बोलली न?

आता तुम्ही म्हणता, आईशी नीट बसून बोला. बोललो! पोळ्याच्या दिवशी बोललो. संध्याकाळी तिच्यापाशी बसलो, म्हटलं आई, माझ्यासाठी सोड. तिनं पाईप बाजूले ठेवला. म्हणे, "तोंड उघड." म्हटलं, काहून? "उघड म्हणतो न." उघडलं. "अजून उघड." आता — नाही उघडत काका. दोन बोटं जात नाहीत. तिनं लहान लेकराच्या तोंडात घालतात तशी बोटं घातली, ती दाताशीच अडली. अन् बोटं तशीच ठेवून म्हणे, "हे कधीपासून?" — सुपारी नाही जी ती. आता तुमच्यापासून काय लपवू. खर्रा आहे. मघाशी नालीत थुंकलो तो खर्राच. कॉलेजपासून खातो. ऑफिसच्या खाली प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देते एक जण, दिवसाचे पाच-सहा होतात, जास्तीही होतात. श्वेताले माहीत नाही. मतलब तिले माहीत असन, पण मी सांगितलं नाही अन् तिनं विचारलं नाही. बापाचं ते सगळं पाहिलेली बाई, विचारन कशी? घरी पोळी मी बारीक-बारीक तुकडे करून खातो, का कोणाच्या ध्यानात नको याले. आईच्या आलं होतं. म्हणे, "मले दिसत नाही काय? चाल. तू तुया खर्रा सोड, मी माया पाईप सोडतो. आजपासून." अन् हात पुढं केला. मी हातावर हात देल्ला. देताना खरंच वाटलं होतं का सुटन.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघालं. मग डोकं दुखाले लागलं, साहेब काहीतरी बोलले, अन् मी खाली उतरलो — कसा उतरलो तेही आठवत नाही — पन्नी हातात होती. तेव्हापासून चालूच आहे. आई विचारत नाही. एकदाही नाही विचारलं. संध्याकाळी मी आलो का गेटपाशीच थांबतो, तोंडातला संपेपर्यंत. वर पाहतो तर गॅलरीत ती बसलेली, पाईप तोंडात. अन् खोटं नाही बोलत काका, पाहून बरं वाटे मले. मनात म्हणो, तिचंही नाही सुटलं. चला. दोघंही सारखे. आईले तसं पाहून बरं वाटावं, असा मुलगा पाहिला तुम्ही कुठी? म्हणून तर आलो न तुमच्याकडे. माझ्या बोलण्यानं नाही सुटणार तिचं — मी कोणत्या तोंडानं बोलू? — पण तुम्ही द्यायचंच बंद केलं तर आपोआप सुटन. सांगा, माल येत नाही. सांगा, सरकारनं बंद केला. तुमचं ऐकते ती. एवढं करा माझ्यासाठी. तिचा चट्टा तेवढा जाऊ द्या. माझं मी — माझं पाहू नंतर.

काय म्हणता?

आई नाही येत? कधीपासून? काहीतरीच काय बोलता काका, मी रोज पाहतो तिले — अहो तोंडात पाईप असते, माझ्या डोळ्यानं पाहतो — पाईप भरताना? भरताना नाही पाहिलं. मी खालीच असतो न. वर जाईपर्यंत ती उठून आत गेलेली असते. धूर — दुसरा माळा आहे, खालून काय दिसते धूर — वास तर —

वास नाही आला.

मारबतीच्या दिवशी? म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या गर्दीतून? तुमच्या या महालात तर त्या दिवशी मिरवणुकीनं पाय ठेवाले जागा नसते, कशी आली ती? अन् उरलेला डबाही परत देऊन गेली? फोडलेला डबा परत घेतला कसा तुम्ही? — बरं. बरं. तुम्हाले नाही म्हणवलं नाही. अन् काय म्हणाली? नाही, सांगा. जसं म्हणाली तसंच सांगा.

"मी अन् माया पोरगा, दोघंही सोडून राहिलो."

दोघंही म्हणाली?

हसून?

नाही जी, पाणी नको. बसतही नाही. काही नको मले. ते पाहा, गिऱ्हाईक कधीचं उभं आहे तुमचं — त्याले पाहा तुम्ही.